मोठे टॉवर स्पीकर घरी येताहेत: उतरवून घेणं, वर चढवणं, मांडणं

रंकाळ्याचा_वारा
नमस्कार मंडळी. मुंबईहून टॉवर स्पीकरची जोडी ट्रान्सपोर्टने कोल्हापुरात येतेय. एक स्पीकर ३६ किलोचा, खोक्यासकट ४२. स्पीकरची उंची ११५ सेंटिमीटर, खोकं १२५ × ४५ × ५५. घर मंगळवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. जिना अडीच फूट रुंद, मधे एक वळण. हॉल ११ × १४ फूट, उंची १० फूट, खाली पॉलिश केलेली कोटा फरशी. पोर्ट (हवा बाहेर सोडणारं भोक) मागच्या बाजूला आहे, टर्मिनल बाय-वायरिंगची, म्हणजे खर्जाला आणि बारीक सुरांना वेगळी जोडी, मधे धातूच्या जोडपट्ट्या.
माल ताब्यात घेताना काय बघायचं, वर कसा चढवायचा आणि हॉलमध्ये नेमका कुठे ठेवायचा, हे क्रमाने सांगाल का? घाई नाही, पण पाऊस तोंडावर आलाय.

उद्यमनगर_लेथ
बिल्टीपासून सुरुवात करा. बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) "ओनर्स रिस्क" म्हणजे जोखीम मालकाची असं छापलंय का "कॅरियर्स रिस्क" म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याची, ते माल निघायच्या आधीच विक्रेत्याला विचारा. ओनर्स रिस्क असेल तर वेगळा ट्रान्झिट विमा काढायला लावा आणि जाहीर किंमत पूर्ण लिहायला लावा. अर्ध्या किमतीचा विमा असला तर भरपाईही त्याच हिशेबाने कापून येते.
गोदामात गेल्यावर सही करण्याआधी खोक्याच्या सहाही बाजू बघा. एखादा कोपरा चेपलाय का, चिकटपट्टी दुहेरी दिसते का, म्हणजे मधे कुणी उघडून परत चिकटवलीय का. तळाशी ओलीचा डाग आहे का. काही खोक्यांवर धक्का दाखवणारी चिकटपट्टी असते, तिच्यातली नळी लाल झाली असेल तर फोटो काढा. काहीही खटकलं तर पावतीवर शेरा लिहा आणि मगच सही करा. "माल बरोबर मिळाला" यावर सही झाली की पुढे भांडणं अवघड जातं.

पेठकर_७६
शेरा लिहिताना "खोकं खराब" असं मोघम लिहू नका. "खोका क्र. २, खालचा उजवा कोपरा ४ इंच चेपलेला, आतला माल न तपासता स्वीकारला" असं लिहा. त्या कागदाचाही फोटो घ्या.

शाहूपुरी_चौथी_गल्ली
मी म्हणेन गोदामातच उघडून बघा. घरी नेल्यावर कोण ऐकून घेणार?

उद्यमनगर_लेथ
@शाहूपुरी, इथे मला पटत नाही. गोदामात धूळ, पायाखाली खडी, वर हमालांची घाई. ३६ किलोचा स्पीकर तिथे थर्माकोलमधून काढून पुन्हा घालताना थर्माकोलचे कप तुटतात आणि पुढचा प्रवास विनासंरक्षण होतो. बाहेरून चेपलेलं खोकं असेल तर फक्त वरची झडप उघडा, टॉर्चने बघा, फोटो काढा, बंद करा. पूर्ण उघडायचं ते घरीच, आणि पहिली चिकटपट्टी कापण्यापासून न थांबवता व्हिडिओ घेऊन.

छोटा_हत्ती
गोदाम ते पेठ या शेवटच्या दोन-चार किलोमीटरबद्दल. मोठ्या ट्रकपेक्षा जास्त मार या टप्प्यात बसतो. छोट्या हत्तीच्या, म्हणजे छोट्या टेम्पोच्या, हौद्यात माल कमी असतो, त्यामुळे खोकं मोकळं नाचतं. दोन्ही खोकी केबिनच्या भिंतीला टेकवून उभीच ठेवा, बाणाची दिशा वर. मधे गादी घाला. बांधायला सुंभ नको, रुंद पट्टा घ्या. सुंभ खोक्याच्या कडेत रुततो आणि त्याचा दाब सरळ कॅबिनेटच्या कोपऱ्यावर येतो. पट्टा नसेल तर दोरीखाली पुठ्ठ्याची दुहेरी घडी घाला.
खोकं आडवं न्यायचीच वेळ आली तर पाठीवर निजवा, तोंडावर कधीच नको. वूफरचं (खर्जाच्या मोठ्या स्पीकरचं) जड चुंबक खड्ड्यात हिसका खातं, आणि जोरात आदळलं तर ते आपल्या जागेवरून सरकू शकतं. मग चुंबकातली तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, घासते आणि तो वूफर गेला म्हणून समजा. ताडपत्री आकाश निरभ्र असलं तरी घ्या, वळीव विचारून येत नाही.

तक्तपोशी
जिन्याचं गणित करून टाकतो. खोकं उभं करून जागेवर फिरवलं तर ४५ × ५५ चा कर्ण येतो ७१ सेंटिमीटर. जिना अडीच फूट, म्हणजे ७६. पाच सेंटिमीटर उरतात, पण वळणावर कठडा किंवा मीटरची पेटी आत आलेली असेल तर तेही उरत नाहीत. टेप घेऊन सगळ्यात अरुंद ठिकाणी मोजा, पायरीवर मोजू नका. आडवं खोकं उभं करताना वर १३७ सेंटिमीटर मोकळी उंची लागते. तुळई फार खाली नसेल तर ती मिळते.
माणसं तीन. दोघं उचलायला, तिसरा मोकळ्या हाताने दारं धरायला आणि मागे येणाऱ्याला पायऱ्या मोजून सांगायला. जास्त ताकदीचा माणूस खाली, कारण चढताना बहुतेक वजन त्याच्याकडे येतं. खोक्याची तळाची बाजू खाली. प्रत्येक सात-आठ पायऱ्यांनी थांबा आणि खोकं पायरीच्या धारेवर न टेकवता दोन पायऱ्यांवर आडवी फळी टाकून तिच्यावर टेकवा.
आणि पायात कोल्हापुरी चप्पल नको. चामड्याचा तळ गुळगुळीत पायरीवर सरकतो. रबरी तळाचे बूट घाला, नाहीतर अनवाणी चढा.

शाहूपुरी_चौथी_गल्ली
वळणावर बसलं नाही तर?

तक्तपोशी
तर बाहेरचं खोकं खालीच काढायचं आणि स्पीकर आतल्या पिशवीसकट घोंगडीत गुंडाळायचा. घोंगडी जाड असते, हातातून निसटत नाही आणि तिला पकड येते. वरून दोन ठिकाणी पट्टा. पण आधी समोरची जाळी लावून घ्या आणि ट्विटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) कोणत्या बाजूला आहे ते घोंगडीवर खडूने लिहा, म्हणजे त्या बाजूला कुणी छाती टेकवणार नाही.

गवळी_गल्ली
घोंगडीला माझं अनुमोदन. तीच घोंगडी नंतर फरशीवर अंथरून त्यावर स्पीकर ठेवला की एकटा माणूस हॉलभर ओढत फिरवू शकतो. जागा पक्की होईपर्यंत स्पाइक (स्पीकरखालचे टोकदार पाय) लावूच नका.

उद्यमनगर_लेथ
@गवळी_गल्ली, हे ठळक अक्षरात लिहायला हवं. स्पाइक सगळ्यात शेवटी. लोक उत्साहात आधी स्पाइक बसवतात, मग स्पीकर दोन इंच सरकवताना फरशीवर चार रेघा उठतात आणि स्पाइकचे आटेही वाकतात.

ट्विटरची_काळजी
खोकं उघडण्याची पद्धत. वरून हात घालून स्पीकर उपसायचा नाही. जाळी नसेल तर बोटं थेट वूफरच्या कोनात, म्हणजे हलणाऱ्या पडद्यात, जातात.
खोकं आडवं करा, पाठीची बाजू खाली. तळाची झडप उघडा, खालचा थर्माकोल काढा. पट्टीचे पाय किंवा प्लिंथ (तळाची बैठक) वेगळा येत असेल तर तो आत्ताच बसवा. स्क्रू आधी सगळे हाताने दोन-दोन आटे धरवा, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. एमडीएफमध्ये (कॅबिनेटच्या दाबलेल्या भुशाच्या फळीत) एक स्क्रू आधी पूर्ण आवळला की बाकीचे तिरके जातात. मग सगळं मिळून उभं करा आणि खोकं वर उपसून काढा. स्पीकर जागचा हलत नाही.
हातातली अंगठी, कडं, घड्याळ, कमरेच्या पट्ट्याचं बक्कल, सगळं काढून ठेवा. विनिअरवरचे (बाहेरच्या पातळ लाकडी थरावरचे) बहुतेक ओरखडे बक्कलचेच असतात. वूफरच्या मधल्या टोपीला आणि ट्विटरच्या घुमटाला बोट लावायचं नाही. धातूचा घुमट चेपला तर चिकटपट्टी लावून ओढायचे प्रकार सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. कॉइल त्या घुमटालाच चिकटलेली असते.

ओहम_साहेब
अँप (अँप्लिफायर) जोडण्याआधी मल्टिमीटर. ८ ओहमचा स्पीकर डीसीवर ५.५ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.५. मीटरच्या वायरी एकमेकींना टेकवून येणारा आकडा आधी वजा करा. दोन स्पीकरमध्ये अर्ध्या ओहमहून जास्त फरक दिसला तर शंका घ्या.
मग कॉइल तपासा. दोन्ही हातांची बोटं टोपीभोवती चारी बाजूंनी सारखी ठेवून वूफरचा कोन फक्त २-३ मिलिमीटर आत दाबा. खरखर लागली तर कॉइल घासतेय. अँप जोडल्यावर ३० ते २०० हर्ट्झचा सलग चढता सूर अगदी हळू आवाजात सोडा. सैल स्क्रू, सैल जाळी, तडकलेला सांधा, सगळं तिथे बोलतं.

रंकाळ्याचा_वारा
सगळ्यांचे मनापासून आभार. माल आला, खोकी चांगली होती, वळणावर जेमतेम बसली. @ओहम_साहेब, एक अडचण. जोडपट्ट्या काढून मोजलं. खालच्या टर्मिनलवर दोन्ही स्पीकर ३.४ दाखवतात, पण वरच्या टर्मिनलवर मीटर काहीच दाखवत नाही, आणि दोन्हींत तेच. ट्विटर गेले का?

ओहम_साहेब
नाही, काळजी करू नका. ट्विटरच्या वाटेत कपॅसिटर असतो आणि तो डीसी अडवतो. त्यामुळे वरच्या टर्मिनलवर सर्किट तुटल्यासारखंच दिसणार. ३.४ म्हणजे ४ ओहमचा स्पीकर, तेही बरोबर. अँपच्या मागे ४ ओहम चालतो असं लिहिलंय का तेवढं बघून घ्या. ट्विटर तपासायचा तर पट्ट्या परत लावा, अगदी कमी आवाजात गाणं लावा आणि कान ट्विटरजवळ न्या. झांजेची किणकिण तिथून आली पाहिजे.
पट्ट्या परत लावायला विसरू नका. एकच जोडी वायर आणि पट्ट्या काढलेल्या, मग "आवाज बोथट येतो" ही तक्रार ठरलेली.

तांब्याची_तार
वायरबद्दल. ५ मीटर अंतराला २.५ चौरस मिलिमीटरची बहुतारी तांब्याची वायर पुरे. जाऊन-येऊन १० मीटर, रोध सुमारे ०.०७ ओहम. ४ ओहमच्या स्पीकरला ०.२ पर्यंत चालतं. दीडची वायरही ०.१२ मध्ये बसते, पण फरक थोड्या पैशांचा आहे, अडीचचीच घ्या. दोन्ही बाजूंना लांबी सारखी.
टोकं सोलताना एकही तार बाहेर राहू देऊ नका, ती शेजारच्या टर्मिनलला टेकली तर अँप जातो. टोकाला कथिल लावून स्क्रूखाली दाबू नका. कथिल मऊ असतं, हळूहळू दबतं आणि सांधा सैल होतो. बनाना प्लग किंवा दाबून बसवलेली लग (धातूचं टोक) बरी. जोडताना अँपचा प्लग भिंतीतून काढलेला असावा.

गणपती_मंडळ
एवढं सगळं करून घरात डॉल्बी लावल्यासारखा दणका येणार का पण? 😀

ट्विटरची_काळजी
@गणपती_मंडळ, दणका मिरवणुकीला शोभतो, हॉलमध्ये नको. आपण ज्याला डॉल्बी म्हणतो त्या स्पीकरच्या भिंतीचा डॉल्बी या नावाशी तसा संबंध नाही. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरचा खरखराट कमी करण्याच्या तंत्रासाठी. मिरवणुकीतल्या पेट्या एका वॅटला शंभर डेसिबलच्या आसपास आवाज देतात, घरचा टॉवर ८६ ते ९०. आवाज ३ डेसिबल वाढवायला वॅट दुप्पट लागतात, १० डेसिबल वाढवायला दहापट. छोट्या अँपची मूठ पूर्ण फिरवली की लाटेची टोकं छाटली जातात आणि आधी ट्विटर जळतो. ट्विटर फक्त जास्त वॅटच्या अँपनेच जातात असं नाही, अपुऱ्या अँपनेही जातात.

तक्तपोशी
आता जागा. हॉल ११ × १४ आहे, तर स्पीकर ११ फुटी भिंतीला ठेवा, आवाज १४ फुटांच्या दिशेने जाऊ द्या.
कॅबिनेटची पाठ भिंतीपासून २ फूट. कॅबिनेट १४ इंच खोल धरलं तर पुढचा चेहरा भिंतीपासून ३ फूट २ इंचांवर येतो. दोन्ही बाजूच्या भिंतींपासून ट्विटरचा मध्य अडीच-अडीच फूट, म्हणजे दोन ट्विटरमध्ये ६ फूट. बसायची जागा मागच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर, म्हणजे ५ फूट ४ इंच. तिथून प्रत्येक ट्विटर सव्वासहा फुटांवर येतो, जवळजवळ समभुज त्रिकोण.
३८ टक्केच का? १४ फुटांच्या लांबीत पहिली उभी लाट, म्हणजे दोन भिंतींमधे आपटून जागीच उभी राहणारी, ४० हर्ट्झची. आवाजाच्या वेगाला, सेकंदाला ३४३ मीटर, मीटरमधल्या लांबीच्या (४.२७) दुपटीने भागा, उत्तर मिळतं. या लाटेचा दाब हॉलच्या बरोबर मध्यावर, ७ फुटांवर, शून्य असतो. खुर्ची तिथे ठेवली तर खर्ज गायब. मागच्या भिंतीला सोफा टेकवला तर तोच खर्ज फुगतो. लोक स्पीकर बदलतात, सोफा हलवत नाहीत.
भिंतीपासूनची अंतरं एकसारखी ठेवू नका. चेहरा स्पीकरच्या पाठीमागच्या भिंतीपासून ०.९६ मीटरवर असेल तर ८९ हर्ट्झला खड्डा पडतो, म्हणजे तो सूर दबतो, बाजूच्या भिंतीचा ०.७६ मीटरवरून ११३ ला. दोन्ही अंतरं सारखी असती तर दोन्ही खड्डे एकाच जागी पडून खोल झाले असते.

पेठकर_७६
अंतर मोजायला गवंड्याचा ओळंबा वापरा. ट्विटरच्या मध्यावरून सोडा, फरशीवर टोक येईल तिथे चिकटपट्टीची फुली. डोळ्याने मोजलं की इंच-दीड इंच हमखास चुकतं. मग खुर्चीच्या पाठीला एक सुतळी बांधून दोन्ही ट्विटरपर्यंत ताणा, लांबी सारखी आली पाहिजे.

गवळी_गल्ली
पोर्ट मागे असून २ फूट मिळत नसतील तर पोर्टात फोमचा बोळा घाला. खर्ज थोडा कमी होईल, पण गुरगुर जाईल. आणि कोटा फरशीवर दोन स्पीकर आणि खुर्ची यांच्या मधे जाड सतरंजी किंवा गालिचा. हॉलमध्ये टाळी वाजवून बघा. मागून झिणझिण ऐकू आली तर समोरासमोरच्या भिंती उघड्या आहेत. एका बाजूला पुस्तकांचं कपाट ठेवलं तरी पुरतं.

उद्यमनगर_लेथ
स्पाइकवर येतो. ३६ किलो चार टोकांवर, म्हणजे टोकाला ९ किलो, आणि टोक मिलिमीटरभराचं. कोटाचं पॉलिश उडणारच. पितळी गोल सळईतून २५ मिलिमीटर व्यासाच्या, ६ मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापून घ्या आणि मधे ९० अंशांचा अडीच मिलिमीटर खोल खड्डा मारून घ्या. उद्यमनगरात कुठल्याही लेथवर हे काम होतं. खाली पातळ फेल्ट चिकटवा. आठ लागतील, दहा करून घ्या.
आटे आधी तपासा, बहुतेक एम-६ किंवा एम-८. एम-८ च्या नटाला १३ चा पाना, एम-६ ला १०. कॅबिनेटच्या डोक्यावर पाणसळ ठेवा, आधी डावी-उजवी, मग पुढची-मागची. समोरासमोरचे दोन कोपरे दाबून डुलतंय का बघा. डुलणं थांबल्यावरच चेक नट (स्पाइक जागेवर धरणारा नट) आवळा, स्पाइक धरून ठेवून.

तक्तपोशी
काँक्रीटवरच्या कोटासाठी ठीक. पण पेठेतल्या जुन्या घरात फळ्यांच्या जमिनीवर स्पाइक लावू नका. तिथे जमीन स्वतःच वाजते, स्पाइक तो कंप तिच्यात थेट सोडतो. अशा ठिकाणी जाड रबरी पॅड, वर दीड इंची कडप्पा किंवा ग्रॅनाइटची लादी, तिच्यावर स्पीकर. लादी कॅबिनेटपेक्षा चारी बाजूंनी दोन इंच मोठी.

उद्यमनगर_लेथ
मान्य. माझं सगळं स्लॅबसाठी होतं.

दुधाळी_काठ
तळमजल्यावर राहणाऱ्यांसाठी दोन ओळी, धाग्याला सोडून आहेत पण लिहितोच. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला पुराचं पाणी कुठवर आलं ते आपल्या भागातल्या भिंतींवर दिसतं. एमडीएफ एकदा भिजलं की फुगतं, ते वाळवून परत येत नाही, आणि बऱ्याच टॉवरमध्ये क्रॉसओव्हर (सूर वूफर-ट्विटरमध्ये वाटणारं सर्किट) तळाशीच असतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पाणी ३९ ला लागायची बातमी आली की वायरी काढून स्पीकर वर हलवा. ४३ ला गल्लीत गाडी मिळत नाही आणि माणसंही आपापल्या घरात गुंतलेली असतात.

ओहम_साहेब
आणि वळवाच्या विजांत अँपचा प्लग भिंतीतून काढा, केबलची तारही. नुसतं बटण बंद करून भागत नाही.
पश्चिमेच्या भिंतीला ओल येत असेल तर पावसाळ्यात स्पीकर त्या भिंतीला नको. विनिअरच्या कडा आधी उचलतात.

रंकाळ्याचा_वारा
@तक्तपोशी, तुमच्या आकड्यांप्रमाणे फुल्या मारून घोंगडीवर सरकवून ठेवले. उंच सूर स्वच्छ आहेत. पण गायकाचा आवाज मधून येत नाही, सगळीकडून येतो, आणि खर्ज अगदीच पातळ. खुर्ची पुढे-मागे केली, फरक नाही.

ओहम_साहेब
एका स्पीकरची वायर उलटी आहे. दोन वूफर एकमेकांविरुद्ध हलताहेत, एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. आधी वायरीवरची रेघ दोन्ही टोकांना लालवरच आहे का बघा. रेघ दिसत नसेल तर वायर अँपकडून काढा आणि त्या टोकांना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. सेलचं अधिक टोक लालकडच्या तारेला असताना वूफर बाहेर आला पाहिजे. दोन्ही स्पीकरना करून बघा.

रंकाळ्याचा_वारा
उजव्याची वायर अँपच्या बाजूला उलटी होती. सरळ केली. आवाज मधोमध उभा राहिला आणि खर्ज भरला. आता तोंडं किती वळवू?

तक्तपोशी
सुरुवात अशी: दोन्ही स्पीकरच्या रेषा तुमच्या डोक्याच्या फूटभर मागे एकमेकींना मिळतील एवढं. मग एकट्या गायकाचं जुनं ध्वनिमुद्रण लावा. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते, त्यांच्या जयपूर-अत्रौली गायकीचं कुठलंही चालेल. गळा एका जागी, तंबोरा त्याच्या मागे पसरलेला. गळा रुंद वाटला तर थोडं आत वळवा, आवाज टोचला तर बाहेर. एका वेळी अर्धा इंच, दोन्ही बाजू सारख्या, आणि प्रत्येक बदलानंतर तोच तुकडा.
कान आणि ट्विटर एका उंचीला हवेत. तुमच्या ११५ च्या कॅबिनेटमध्ये ट्विटर मीटरभर उंचीवर असेल, बसल्यावर कान ९५ ते १०० ला येतो. खुर्ची फार खोल नको.

गवळी_गल्ली
दोन आठवडे असंच ऐका, मग पितळी चकत्या. नवीन वूफरची बैठक सुरुवातीला थोडी कडक असते, खर्ज किंचित बदलतो.

रंकाळ्याचा_वारा
ठरलं. चकत्यांसाठी उद्या उद्यमनगरला जातो. खोकी मात्र एवढी मोठी आहेत, टाकून देऊ का?

छोटा_हत्ती
अजिबात नाही. वॉरंटीत स्पीकर परत पाठवायचा झाला तर त्याच थर्माकोलशिवाय ट्रान्सपोर्टवाले जबाबदारी घेत नाहीत. चिकटपट्टी कापून पुठ्ठा सपाट करा, थर्माकोलचे कप जोडीने पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि प्रत्येकावर "डावा-वर", "डावा-खाली" असं लिहा. माळ्यावर ठेवताना खाली दोन विटा आणि फळी, भिंतीपासून वीतभर लांब. उंदरांसाठी डांबरगोळ्यांवर विसंबू नका, महिन्यातून एकदा वर जाऊन बघा.